शाकारणीपासून शिवणीपर्यंत

कोकणातल्या घराचा इतिहास सांगायचा तर तो भिंतींवरून सांगता येणार नाही. छपरावरून सांगावा लागेल. भिंत आमची जांभ्याच्या चिऱ्याची किंवा मातीची. ती पणजोबांच्या काळी जशी होती, जवळजवळ तशीच आजही आहे. बदलत गेले ते डोक्यावरचे छप्पर. लांज्याच्या आसपासच्या कोणत्याही वाडीत जुन्या माणसाला विचारा, एका आयुष्यात तीन-चार छपरे पाहिल्याचे तो सांगेल. आधी गवताचे केंबळ, मग कुंभाराचे नळे, मग मंगलोरी कौल, मग सिमेंटचा पत्रा किंवा स्लॅब, आणि आता रंगीत पोलादी पत्रा. त्याचीच पुढची सुधारलेली जात, उभ्या शिवणीचा पत्रा, सध्या आमच्या तालुक्याच्या उंबरठ्यावर उभी आहे.

छप्पर का बदलले, असे विचारले की सगळे पावसाकडे बोट दाखवतात. पण पाऊस पूर्वीही होता. आमच्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या माचाळसारख्या गावात त्याहून जास्त. शंभर चौरस मीटरच्या घरावर चार महिन्यांत तीन लाख लिटर पाणी पडते, असा याचा साधा हिशेब. हा हिशेब आजोबांच्या काळीही हाच होता. मग बदलले काय? माझ्या मते बदलले ते घरातले हात. वैशाखात छपरावर चढायला घरात कोण आहे, या एका प्रश्नाच्या उत्तराप्रमाणे आमची छपरे बदलत गेली. आजच्या भाषणात मला हीच गोष्ट उलगडून सांगायची आहे.

सुरुवात केंबळापासून करू. भाताचा पेंढा किंवा डोंगरउतारावरचे गवत कापून, वाळवून, त्याच्या पेंड्या बांधायच्या. वळचणीपासून वर आढ्याकडे थर चढवत जायचे. वरचा थर खालच्या थरावर चांगला हातभर यायला हवा, म्हणजे पाणी आत न शिरता पागोळ्यांतून अंगणात उतरते. बांबूच्या कांबी वरून दाबून बांधल्या की घर पावसाला तयार. यात विकत घ्यायचे जवळपास काहीच नव्हते. पण हे छप्पर एक-दोन पावसाळेच टिके. म्हणून दर वर्षी शाकारणी आलीच. आज माझे घर, उद्या तुमचे, अशी सावड चाले. गवत स्वस्त होते, कारण माणसे गावातच होती. आगीची भीती मात्र कायम. शेजारच्या घराला ठिणगी लागली तर सगळ्या वाडीने पाण्याच्या घागरी घेऊन धावायचे.

ज्याची ऐपत असे तो नळे घाली. नळा म्हणजे अर्धगोल गावठी कौल. कुंभार चाकावर मातीची निमुळती नळी उठवी, ती ओली असतानाच उभी चिरून तिचे दोन भाग करी आणि भट्टीत भाजून काढी. एक नळा उताणा, त्याच्या कडांवर दुसरा पालथा, अशी त्याची मांडणी. नळ्याला खिळा नाही, आकडा नाही. तो केवळ स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर बसलेला असतो. मांजर धावले, वानरांची टोळी उतरली, आंबा पडला की नळा सरकतो. सरकलेला नळा आषाढात माजघरात पाणी आणतो. म्हणून दर वैशाखात नळे परतणे हे ठरलेले काम. फुटके काढायचे, चांगले पुन्हा बसवायचे, उणे असतील तेवढे कुंभाराकडून आणायचे. चुलीचा धूर याच फटींतून बाहेर जाई आणि जाता जाता वासे-रिपांना धुरी देई; त्यामुळे कीडही कमी लागे. छप्पर गळके असले तरी ते जिवंत होते, असे म्हणावेसे वाटते.

मंगलोरी कौलाची गोष्ट आपल्याला थेट युरोपात घेऊन जाते. फ्रान्समधल्या आल्सेस प्रांतात जिलार्दोनी या कुंभार बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. कडेला खाच, खाली रिपेवर बसणारे आकडे. त्यामुळे कौल सरकत नाही आणि एकावर एक कमी चढवावे लागते. पुढे बासेल मिशनचा जर्मन मिशनरी जॉर्ज प्लेब्स्ट मंगळूरला आला. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्याने पारखली आणि १८६५ साली मंगळूरच्या जेप्पू भागात मिशनचा कौलांचा कारखाना उभा राहिला. पाठोपाठ तिथल्या स्थानिक उद्योजकांनीही कारखाने काढले. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनची मालमत्ता इंग्रज सरकारने ताब्यात घेतली, तरी कौलाला चिकटलेले मंगळूरचे नाव काही सुटले नाही. आज कौल कुठेही भाजलेले असो, आपण त्याला मंगलोरीच म्हणतो. सरकारी मानकातही त्याचे नाव मंगलोर पद्धतीचे कौल असेच आहे.

ही कौले फत्तेमारींतून कोकणच्या बंदरांत उतरत आणि बैलगाड्यांनी आत येत. पण ती विकत घ्यावी लागत, आणि त्यासाठी रोख पैसा लागे. तो पैसा आमच्याकडे मुंबईहून येई. गिरणीत, गोदीत, हॉटेलात राबणाऱ्या चाकरमान्याची मनिऑर्डर पोस्टमन घेऊन येई आणि दोन-चार वर्षांत घरावरचे केंबळ उतरून कौल चढे. कौलारू घर म्हणजे मुंबईत कुणीतरी कमावते आहे याची गावभर दिसणारी पावती. पण त्याच पावतीची दुसरी बाजू अशी की, तो कमावता हात वैशाखात घरी नव्हता. मंगलोरी कौल त्याला सोयीचे होते, कारण दर वर्षी सगळे छप्पर उतरवायला नको. फुटली तेवढी कौले बदलली की भागले. शाकारणीचे काम आठ-दहा माणसांवरून एक-दोघांवर आले.

आता पत्र्याकडे वळू. धातूचे छप्पर आपल्या किनाऱ्याला अगदीच अनोळखी नाही. केरळ आणि तुळूनाडूतल्या कित्येक देवळांवर तांब्याचे पत्रे आहेत. पण ते देवाचे वैभव. सामान्य माणसाच्या घरापर्यंत धातू पोहोचला तो पन्हळीमुळे. लंडनच्या गोदीतला इंजिनिअर हेन्री रॉबिन्सन पामर याने १८२९ साली पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले. त्यातले तत्त्व साधे आहे. कोरा कागद दोन टोकांवर ठेवला तर मधे लवतो. त्यालाच पंख्यासारख्या घड्या घाला, तो वजन पेलतो. लोखंडाचा पातळ पत्राही पन्हळी पाडल्यावर असाच ताठ होतो. उणीव राहिली गंजाची. ती १८३७ साली फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल याने जस्ताचा मुलामा देऊन भरून काढली. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते; पत्र्यावर ओरखडा उठला तरी आजूबाजूचे जस्त तिथली लाज राखते. हा जस्ती पत्रा आगबोटीने जगभर गेला. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवर, आफ्रिकेतल्या छावण्यांवर, आपल्याकडच्या रेल्वेच्या शेडांवर आणि लष्करी बराकींवर तो चढला. दुसऱ्या महायुद्धात लोखंडावर नियंत्रण आले आणि स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे पत्रा परमिटवर मिळे. त्यामुळे आमच्याकडे तो बराच काळ गोठ्यावर, न्हाणीघरावर आणि दुकानाच्या पुढच्या पडवीवरच राहिला.

मधल्या काळात सिमेंटचे पत्रे आले. भारतात त्यांचा उद्योग १९३४ पासूनचा. ते गंजत नाहीत, आवाजही कमी करतात. म्हणून शाळा, गोदामे, वाढीव खोल्या यांवर ते सर्रास चढले. पण त्यातला अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू फुप्फुसाला घातक असल्याचे सिद्ध झाले आणि अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. आपल्याकडे असे जुने पत्रे असतील तर ते फोडू नयेत, करवतीने कापू नयेत. ओले करून अख्खे उतरवावेत आणि तेही माहितगाराकडून. त्यानंतर आला स्लॅब. आता शाकारणीची कटकट कायमची संपली, असे सगळ्यांना वाटले. आज लांज्याच्या बाजारपेठेतून फिरताना वर पाहा. स्लॅबच्या घरांवर पुन्हा लोखंडी सांगाडा आणि त्यावर उतरता पत्रा दिसेल. कोकणातल्या पावसात सपाट छप्पर गळणारच. आढ्याचे पाणी वळचणीला जायला हवे, आणि त्यासाठी उतार हवा, हे केंबळ बांधणाऱ्याला ठाऊक होते तेच खरे ठरले.

रंगीत पत्र्याला आज जे यश मिळाले आहे, त्यामागे दोन कारणे आहेत. पहिले कारण मुलाम्याचे. अमेरिकेत १९७२ साली अ‍ॅल्युमिनियम आणि जस्त यांचा मिश्र मुलामा बाजारात आला. त्यात वजनाने ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियम, साधारण साडेत्रेचाळीस टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन असते. नुसत्या जस्तापेक्षा हा मुलामा मोकळ्या हवेत पुष्कळच जास्त टिकतो. त्यावर भट्टीत पक्का केलेला रंग. दुसरे कारण मात्र आमच्या घरातलेच. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईची नोकरी डळमळली, पण माणसे परतली नाहीत. ठाणे, डोंबिवली, विरारला स्थिरावली. आज वाडीतली कितीतरी घरे गणपती आणि शिमग्याला उघडतात, एरवी कुलपात असतात. वानरे कौले फोडतात, फुटलेल्या कौलातून पाणी वाशावर येते, वासा कुजतो, आणि मग दोन-तीन पावसाळ्यांत मातीची भिंत बसते. घर फिरले की घराचे वासेही फिरतात, ही म्हण आमच्याकडे अक्षरशः खरी होते. बंद घराला असे छप्पर हवे, ज्याला वैशाखात कुणाची वाट पाहावी लागणार नाही. पत्रा म्हणूनच जिंकला. तो बंद घराचा राखणदार आहे.

पण या राखणदाराची एक खोड आहे. मंगलोरी कौलाचे छप्पर दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो वजनाचे असते. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा जेमतेम चार-पाच किलो. वजन कमी म्हणजे लाकूड कमी, भूकंपात धोकाही कमी. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाची आठवण असलेल्यांना ही गोष्ट सांगायला नको. मात्र वादळात हेच हलकेपण उलटते. वारा छपरावरून वेगाने गेला की छपराला वर ओढतो, आणि ही ओढ कोपऱ्यांवर व कडांवर सर्वांत जास्त असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या मंडणगड-दापोलीतही घरांवरचे पत्रे उडाले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगत वर सरकले. कौल स्वतःच्या वजनावर बसते. पत्र्याला धरून ठेवावे लागते, हा धडा या दोन वर्षांनी दिला.

धरून ठेवायचे कसे? नेहमीच्या पद्धतीत पत्र्याला भोक पाडून स्क्रू किंवा आकड्याचा बोल्ट घालतात आणि खाली रबराचा वायसर देतात. शंभर चौरस मीटरच्या छपराला अशी कित्येकशे भोके पडतात. पत्रा उन्हाने वाढतो, पावसाने आखडतो. दहा मीटर लांबीचा पोलादी पत्रा ५० अंशांच्या फरकात सहा मिलिमीटर सरकतो, अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर जवळपास दुप्पट. रोजच्या या ओढाताणीत भोक रुंदावते, रबर कडक होते, आणि गळती तिथूनच सुरू होते.

उभ्या शिवणीच्या पत्र्यात हे भोकच नाही. शिवण म्हणजे इथे शिवणीचे झाड नव्हे, तर जोड. आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध लांब पट्टा घेतात. त्याच्या दोन्ही कडा काटकोनात वर वळवलेल्या असतात. शेजारच्या दोन पट्ट्यांच्या कडा एकत्र आणून यंत्राने दुमडतात, आपण कागदाच्या पुडीचे तोंड दुमडतो तशा. घडीच्या आत धातूचे छोटे चिमटे असतात. स्क्रू बसतो तो चिमट्याला, पत्र्याला नाही. त्यामुळे पत्रा धरलेलाही राहतो आणि उन्हाने वाढायला मोकळाही राहतो. जोड पाण्याच्या पातळीपेक्षा बोटभर उंच असल्याने पाणी तिथे पोहोचत नाही. कल्पना जुनीच आहे. युरोपातल्या चर्चांवर शिसे आणि तांब्याचे पत्रे अशाच कडा दुमडून शतकानुशतके बसवत आले. आपल्याकडे ती आधी विमानतळ, कारखाने, मोठी सभागृहे यांवर आली. घरांवर आता कुठे येऊ लागली आहे.

आमच्या जुन्या घराच्या छपराचा प्रश्न निघाला, तेव्हा भाऊ-पुतणे गणपतीला एकत्र बसलो होतो. कुणाला स्लॅब हवा होता, कुणाला कौलच. शेवटी माजघरावरच्या दोन सरळ पाख्यांना उभ्या शिवणीचा पत्रा घ्यायचा आणि पुढच्या-मागच्या पडवीवर जुनी कौले ठेवायची असे ठरले. कारण साधे आहे. पडवीच्या कौलाला शिडीशिवाय हात पोहोचतो, ते मी एकटाही बदलू शकतो. आढ्यावर चढायला मात्र आता घरात कुणी नाही. शिवाय शिवणीचा पत्रा सरळ लांब पाख्यावर उत्तम बसतो. जिथे दोन पाखे कोपऱ्यात मिळतात तिथे तो कारागिराची परीक्षा पाहतो.

या निमित्ताने जे शोधले, विचारले, ते इतरांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो. दुकानदार आधी रंग दाखवतो. आपण आधी जाडी आणि मुलामा विचारावा. गेजचा आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे लक्षात ठेवावे. त्यापेक्षा जाडी मिलिमीटरमध्येच विचारणे बरे. मुलामा दर चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून किती ग्रॅम, हे लिहून घ्यावे. मिश्र मुलाम्यात १५० ग्रॅम आणि नुसत्या जस्तात २७५ ग्रॅम हे चांगले प्रमाण. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत घर असेल तर अ‍ॅल्युमिनियमचाही विचार करावा. पत्र्यावर तांब्याची तार टेकू देऊ नये आणि ओले सिमेंट लागू देऊ नये. दोन्ही मुलामा खातात.

दुसरी गोष्ट लाकडाची. वासे थोडे वाकडे असले तर कौल सांभाळून घेते, पत्रा घेत नाही. म्हणून पत्रेवाल्याच्या आधी सुताराला बोलवावे. दोरी लावून पाखा एका पातळीत आणावा, कुजलेले टोक कापून नवे जोडावे, आणि वासे भिंतीशी लोखंडी पट्ट्यांनी बांधून घ्यावेत. पूर्वी कौलांचे ओझेच वाशांना दाबून धरी. ते ओझे आता नाही. कडेला आणि कोपऱ्यांना चिमटे अधिक जवळ असायला हवेत, हे कारागिराला आवर्जून सांगावे. शिवणीचे यंत्र चालवता येणारे कारागीर अजून विरळा आहेत. चांगला पत्रा वाईट हातात गेला तर साध्या पत्र्याहून वाईट गळतो.

तिसरी गोष्ट उन्हाची आणि आवाजाची. नुसत्या पत्र्याखाली चैत्रात बसवत नाही, आणि आषाढात रेडिओ लावला तर निवेदक काय बोलतो ते ऐकू येत नाही. म्हणून पत्र्याखाली फळ्यांचा किंवा प्लायवूडचा थर, त्यावर उष्णता अडवणारा थर, आणि आढ्याशी हवा बाहेर जायला वाट ठेवावी. रंग फिकट घ्यावा. जुन्या घरांत पोटमाळा होता, तो हेच काम करीत असे. तो काढून टाकू नये. आणि पन्हळ लावून पाणी टाकीत घ्यावे. ज्या छपरावर वर्षाला तीन लाख लिटर पाणी पडते, त्या घराने एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी, हे काही बरे नाही.

छप्पर गळत नाही तोवर घर उभे राहते, आणि घर उभे आहे तोवर मुंबईकर नातवाला गणपतीत यायला जागा राहते. एवढ्यासाठी मला हा पत्रा मोलाचा वाटतो. पण शाकारणीबरोबर आणखी एक गोष्ट गावातून निघून गेली. वर्षातून एकदा का होईना, आठ-दहा माणसे एकमेकांच्या आढ्यावर चढत आणि कुणाच्या घराचा कोणता वासा कच्चा आहे हे सगळ्या वाडीला ठाऊक असे. शिवणीचा पत्रा तीस-चाळीस वर्षे कुणाला वर चढायला लावणार नाही. म्हणून माझी एक सूचना आहे. छप्पर कोणतेही घाला, दर वैशाखात एकदा शेजाऱ्याला हाक मारून पन्हळीतला आंब्याचा पाला काढा, चिमटे आणि कडा बघा, आणि शेजारच्या कुलूपबंद घराच्या छपरावरही एक नजर टाका. त्याला तासभर पुरतो. एवढी शाकारणी आपल्याला अजूनही परवडेल.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)